धुक्याचे दिवस वगळून

मी शनिवारी लिहीत नाही. बाकी सगळं करते. गॅस पेटवते, लिफ्टचं बटण दाबते, रिक्षात बसते, मोबाइलवर लेकीशी बोलते. पण शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत पेन हातात धरत नाही. माझे वडील कचेरीत कारकून होते. सहा दिवस दुसऱ्यांचं लिहायचं, सातव्या दिवशी बोटं देवासाठी मोकळी ठेवायची, असं ते म्हणत. आमच्यातले कर्मठ लोक माझ्या या अर्ध्यामुर्ध्या शब्बाथला हसतात. हसू देत. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात हा एक नियम मी मोडलेला नाही, आणि नेमका त्याचाच सरकारी कचेरीतल्या लोकांनी माझ्या कोळणीच्या, मैनाच्या विरुद्ध वापर केला. म्हणून हे लिहिते आहे. आज मंगळवार आहे.

माझं नाव आदिना झिराडकर. नवीन पनवेलात राहते. आम्ही ज्यू आहोत हे कळलं की लोक विचारतात, मग तुम्ही मराठी इतकं चांगलं कसं बोलता. शेकडो वर्षं इथेच भात खाल्ला, म्हणून बोलतो. एकतीस वर्षं मी तळोज्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. काम हवा मोजण्याचं. हवा ओढणाऱ्या यंत्रात पांढरा कागद बसवायचा, आठ तासांनी काढायचा, काट्यावर ठेवायचा. कागदाचं आधीचं वजन वजा केलं की जे उरतं ती धूळ. इतकं सोपं काम. त्यात लबाडी करायला जागा कुठे आहे असं मला तेव्हा वाटायचं.

मैना गव्हाणची कोळीण. बावीस वर्षं दर शुक्रवारी सकाळी तिची पाटी माझ्या दारात उतरते. खवलं नसलेला मासा आमच्यात चालत नाही, हे तिला पहिल्याच महिन्यात पाठ झालं. कोलंबी आणि खेकडे ती माझ्या दारात फडक्याखाली झाकून ठेवते आणि मला हवी ती मांदेली वर काढते. ताजी नसली तर सुकी. तिच्या सुक्या मांदेलीला सोन्याचा रंग असायचा. तेलात टाकली की अख्ख्या मजल्याला कळायचं.

या जानेवारीत तिनं आणलेली मांदेली करडी होती. मी धुतली, तळली, पहिला घास घेतला आणि दाताखाली कचकच आली. पुढच्या शुक्रवारी तिला तसं सांगितलं. एरवी माझ्याशी वाद घातल्याशिवाय पाटी न उचलणारी बाई, त्या दिवशी उंबऱ्यावर बसून राहिली.

"आनू नको बोलशील तर नाय आनत, बाय," ती म्हणाली. "लोकं बोलतात, मैना मासली राखेत लोलवते. मी काय करू? सकाली धुई पडते ती अकरापर्यंत उठतच नाय. पूर्वी आठला खलं मोकलं व्हायचं. आता मासली वालत नाय, आनि वालली तर अशी वालते."

खळं म्हणजे गव्हाणच्या खाडीकाठचा मासळी वाळवायचा तुकडा. मैनाची आजी तिथे मासळी घालायची, आई घालायची. कुणाच्याच नावावर नाही, म्हणून सगळ्यांचा. खळ्याच्या पाठीशी एक टेकडी होती. होती म्हणायचं कारण आता ती अर्धीच आहे. अर्धी खडी होऊन रस्त्यांखाली गेली. तिच्या पोटात क्रशर बसलाय. पहाटे पाचला सुरू होतो. त्या क्रशरवाल्यांनी आता दुसरं यंत्र मागितलं होतं, आणि त्या दुसऱ्या यंत्राच्या नकाशात खळं पूर्ण जात होतं. परवानगी मिळाली की खळं गेलं. मिळायच्या आधी एक सुनावणी व्हायची होती. मैना मला त्या सुनावणीला चल म्हणायला आली होती, मांदेली हे निमित्त.

मी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि धुई म्हणजे काय ते सांगितलं. शिकवायची मला खोड आहे. दवाला पान पुरतं, म्हटलं, पण धुक्याला कण लागतो. नुसती वाफ हवेत थेंब धरू शकत नाही. तिला बसायला पाट लागतो, आणि तो पाट म्हणजे धुळीचा कण. तुझ्या धुईच्या एकेका थेंबाच्या पोटात कण आहे.

"मंग कन वाढले तर थेंब वाढतील. चांगलंच की. पाऊस जास्त पडंल."

"पीठ तेवढंच असलं आणि जेवायला दहाच्या जागी हजार माणसं बसली तर काय करशील?"

"गोल्या करीन एवढ्याशा."

"तसंच होतं. पाणी तेवढंच, कण शंभरपट. थेंब इतके बारीक होतात की खाली पडायचं वजनच धरत नाहीत. लटकत राहतात. खाली धुई उठत नाही, वर ढग येतो, उभा राहतो आणि न पडता निघून जातो."

सगळा दोष एका क्रशरचा नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं. ढगांचं गणित मोठं आहे. अरबस्तानातली वाळू समुद्र ओलांडून आपल्या डोक्यावर येते, कधी ऊन अडवते, कधी पाऊस ओढून आणते, कधी पळवते. त्या गणितापुढे मी मान तुकवते. पण गव्हाणच्या खाडीवरच्या सकाळचं गणित एवढंसं आहे. पाचला क्रशर सुरू होतो आणि अकरापर्यंत धुई उठत नाही. ते दुसरीतल्या पोराला सुटेल.

सुनावणी शनिवारी ठेवली होती. गावकऱ्यांच्या सोयीसाठी, असं नोटिशीत लिहिलं होतं. मी सकाळची प्रार्थना आटोपून गेले. पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आमच्याकडे हल्ली तेवढे जमले तर नशीब, त्यामुळे प्रार्थना लवकर आटोपते.

सभागृहात पुढे टेबलामागे अधिकारी बसल्या होत्या, वल्लरी मॅडम. पस्तिशीच्या असतील. पर्यावरणाचीच पदवी आहे असं कळल्यावर मला उगाच आशा वाटली. त्यांच्या बाजूला काशिराम नावाचे लिपिक, समोर संगणक. बोलणं ऐकून इतिवृत्त टंकायचं त्यांचं काम. पलीकडे क्रशरवाल्यांचे सल्लागार, कोट घालून. सभागृहात पंखे बंद होते, तरी कोट.

सल्लागारांनी पडद्यावर आलेख दाखवला. तीन महिने मोजणी केली, सरासरी धूळ मर्यादेच्या आत आहे, म्हणाले. आलेखाच्या खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. माझा चष्मा नवा आहे. मी वाचली. धुक्याचे दिवस वगळून.

"किती दिवस वगळले?" मी उभी राहून विचारलं.

"धुक्यात दमटपणामुळे कागदाचं वजन वाढतं, मॅडम. नोंद विश्वासार्ह राहत नाही. तांत्रिक बाब आहे."

"कागद वाळवून मग वजन करतात. मी एकतीस वर्षं वाळवलेत. किती दिवस?"

त्यांनी कागद चाळले. "नव्वदपैकी एकाहत्तर."

म्हणजे एकोणीस दिवस मोजले. नापास पोरं वगळून शाळेचा निकाल शंभर टक्के. मला इतका संताप आला की खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. मराठीत आपण धूळ चारतो, धूळ झाडतो, डोळ्यांत धूळ फेकतो. धूळ मोजायची वेळ आली की मात्र धुकं असतं.

मग मैना उठली. तिनं माझ्या दारात सांगितलं तेच सांगितलं. सकाली धुई पडते, अकरापर्यंत उठत नाय. काशिरामांची बोटं थांबली. "धुई म्हणजे?" त्यांनी विचारलं, मैनाला नव्हे, मला. मी शिकलेली दिसत होते.

आणि मी, शिकवायची खोड असलेली बाई, चटकन म्हणाले, "धुई म्हणजे धुकं."

पुढे मला सांगायचं होतं की या धुक्याच्या पोटात काय आहे. मी सांगितलंही, चांगली दहा मिनिटं. काशिराम मान डोलवत होते. संपल्यावर म्हणाले, "मॅडम, हे सगळं लेखी द्याल का? तांत्रिक आहे, माझ्याकडून चूक व्हायला नको." मी म्हटलं, आज शनिवार, मी लिहीत नाही, आमच्या धर्मात बसत नाही. मी सांगते, तुम्ही लिहून घ्या. "हो हो, लिहितो की," ते म्हणाले आणि हसले. मला ते हसणं सभ्य वाटलं होतं.

नऊ दिवसांनी इतिवृत्ताची प्रत गावात आली. त्या शुक्रवारी मैना ती पदरात गुंडाळून घेऊन आली. तिला छापील वाचता येतं, पण सरकारी मराठी कुणाला येतं. मी वाचून दाखवलं. 'स्थानिक मच्छीमार महिलेने असे निवेदन केले की, परिसरात दररोज सकाळी अकरा वाजेपर्यंत नैसर्गिक धुके असते व त्यामुळे मासळी वाळत नाही.' त्याखाली, 'श्रीमती झिराडकर यांना लेखी म्हणणे सादर करण्यास सांगितले असता त्यांनी नकार दिला.'

बस. माझ्या दहा मिनिटांतलं एक अक्षर नाही. क्रशरचं नाव नाही. मैनाचीच साक्ष मैनाच्या खळ्यावर नांगरासारखी फिरवली होती, आणि नांगराचा फाळ मी पुरवला होता.

"मी धुके बोललेच नाय," मैना म्हणाली. "त्यो शब्द माज्या तोंडात बसत पन नाय."

"मी बोलले," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिनं प्रत पुन्हा पदरात गुंडाळली आणि पाटी उचलून गेली.

सोमवारी मी कचेरीत गेले, सहा पानी लेखी म्हणणं घेऊन. काशिराम म्हणाले, मुदत संपली. मी म्हटलं, मी नकार दिला असं कुणी सांगितलं तुम्हाला? ते म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, लिहीत नाही म्हणून. मी तुमच्या धर्माचा मानच ठेवला, मॅडम." चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इतक्या अदबीनं मारलेल्या पहिल्यांदा ऐकल्या. माझा आवाज चढला. आतून वल्लरी मॅडम बाहेर आल्या.

"आजी, शांत व्हा," त्या म्हणाल्या. आजी म्हटल्यावर मी अजिबात शांत झाले नाही. मी विचारलं, नैसर्गिक हा शब्द कोण बोललं? त्यांनी काशिरामांकडे पाहिलं. काशिराम म्हणाले, धुकं नैसर्गिकच असतं, मॅडम, वेगळं काय लिहायचं.

वल्लरी मॅडम वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि नियम सांगितला. मी पनवेलला राहते, त्यामुळे मी बाधित नाही. मी सहा पानं लिहिली काय आणि साठ लिहिली काय, ती फाइलला लागतील इतकंच. पण बाधित व्यक्तीनं सुनावणीतच, अधिकाऱ्यासमोर बसून, लेखी हरकत दिली तर प्रस्ताव या टेबलावरून मंजूर होत नाही. वर्षभराची मोजणी लावावी लागते. घरून लिहून आणलेलं चालत नाही. मागे कुणीतरी एकाच अक्षरातल्या शंभर हरकती आणल्या होत्या, तेव्हापासून.

"तिला लिहायची सवय नाही," मी म्हटलं.

"मग तिच्या वतीनं कुणालाही लिहू द्या, तिनं सही करायची. अंतिम सुनावणी पंधरा तारखेला." त्यांनी कॅलेंडर पाहिलं. "शनिवार आहे."

"असणारच," मी म्हटलं.

त्या आठवड्यात मी प्रयोगशाळेतली माझी जुनी चिनी मातीची पांढरी बशी शोधून काढली, तिची जोडीदारही. गुरुवारी सकाळी सहाला गव्हाणला पोचले. मैनानं माझ्याशी फारसं न बोलता खळ्यावर दोन बांबू रोवून दिले. त्यांच्यात मी मलमलीचं धुतलेलं कापड ताणलं. धुई आली तशी कापडाला लागत गेली, खालच्या पन्हळीतून थेंब थेंब बाटलीत उतरत गेली. क्रशर दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. नऊ वाजता सूर्य जुन्या पितळी झाकणासारखा दिसायला लागला, त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. साडेदहाला बाटली भरली. दुसऱ्या दिवशी तसंच कापड नेऊन कर्नाळ्याच्या जंगलाच्या तोंडाशी बांधलं. तिथे शेजारून महामार्ग जातो, तरी म्हटलं बघू.

दोन्हीकडचं पाणी शुक्रवारी दुपारी मंद आचेवर दोन बशांत आटवलं. कर्नाळ्याच्या बशीत उरलं एक तपकिरी कडं, चहाच्या कपाला असतं तसं. गव्हाणच्या बशीत उरला करडा चिखल. वाळल्यावर नखानं उकरावा लागला.

तालीचा फोन आला तेव्हा मी त्या बशीकडे बघत बसले होते. ताली माझी मुलगी. बारा वर्षं झाली, इस्राएलात बेरशेबाला असते. तिच्या खिडकीबाहेरही आभाळ पिवळं झालं होतं, वाळवंटातून धूळ आली होती. "पण आई, इथे कालच बातम्यांत सांगितलं होतं," ती म्हणाली. "धुळीच्या वाऱ्याला इथे वेगळा शब्दच आहे. म्हातारी माणसं आज घरात बसली."

हिब्रूत ताली म्हणजे माझं दव. वल्हांडणाच्या सणाला आम्ही पाऊस मागणं थांबवतो आणि दव मागतो, त्या दिवसांत ती झाली. तेव्हा या गावात सकाळी पानावर बोट फिरवलं तर बोट ओलं व्हायचं. आता काळं होतं. मी तिला ते सांगितलं नाही. मी तिला विचारलं, एखाद्यासाठी शनिवारी लिहिलं तर चालतं का गं. ती म्हणाली, जीव वाचवायला सगळं चालतं. मी म्हटलं, जीव नाही, जागा आहे. ती म्हणाली, आजोबा काय म्हणाले असते माहीत नाही, पण तू आधीच ठरवलेलं दिसतंय.

ठरवलंच होतं. सूर्य मावळायच्या आत मी एक मसुदा लिहून ठेवला, उद्या तोच समोर बसून उतरवायचा म्हणून. 'परिसरातील हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या वाढत्या प्रमाणामुळे' अशी सुरुवात होती. मला तो फार आवडला होता.

शनिवारी मी दोन्ही बशा वल्लरी मॅडमच्या टेबलावर ठेवल्या आणि काय केलं ते सांगितलं. त्यांनी वाकून पाहिलं. सल्लागारही वाकले. आज कोट नव्हता.

"यात आश्चर्य काहीच नाही," ते म्हणाले. "गव्हाण खाडीवर आहे, कर्नाळा नाही. हा फरक मिठाचा आहे. खाडीच्या धुक्यात क्षार असतात. हा करडा रंग अशुद्ध मिठाचा."

मी तोंड उघडलं. मीठ कसं विरघळतं, दगड कसा विरघळत नाही, हे मला रीतसर सांगायचं होतं. तेवढ्यात मैना पुढे आली. तिनं बोट बशीत घासलं आणि जिभेवर ठेवलं. सगळं सभागृह बघत होतं. ती सावकाश चावत राहिली. कचकच मला शेजारी ऐकू आली.

"चालीस वरसं मी माशाला मीठ लावते," ती म्हणाली. "मिठागरातला, खाडीतला, बाजारातला, समदा मीठ मला जिभेवर कलतो. ह्यो मीठ नाय. ह्यो डोंगर हाय." तिनं बशी सल्लागारांपुढे सरकवली. "तू शिकलेला हाय ना. चाटून बग."

त्यांनी बशी घेतली नाही. वल्लरी मॅडमनी घेतली. करंगळीचं टोक लावलं, जिभेला लावलं. मग खाली मान घालून रुमाल तोंडाला धरला.

काशिरामांनी घसा साफ केला. "मॅडम, चव कुठल्या रकान्यात घेऊ? म्हणजे, तसा रकाना नाही."

सदुसष्ट वर्षांत मी कुणावर हात उगारला नाही. त्या क्षणी माझा हात खरोखर बशीकडे गेला होता. वल्लरी मॅडम म्हणाल्या, "लेखी हरकत द्यायची असेल तर आता द्या. कोरा कागद द्या यांना."

कागद आला. मी पर्समधून पेन काढलं आणि टोपण उघडलं. एवढंसं काम, पण बोटं ऐकेनात. वडिलांची मान खाली घातलेली मूर्ती डोळ्यांपुढे आली, सातव्या दिवशी हात मांडीवर ठेवून बसलेली. माफ करा, बाबा, असं मनात म्हणून मी मसुद्यातलं पहिलं वाक्य वाचलं. 'परिसरातील हवेत तरंगणाऱ्या.'

मैनानं माझं मनगट धरलं.

"आज तुजा शनवार हाय," ती म्हणाली.

"असू दे."

"असू दे कशी? बावीस वरसं मी तुज्या दारात कोलंबी झाकून ठेवते ती काय उगाच?" तिनं मसुदा उचलून वाचला, ओठ हलवत, पहिल्या ओळीपर्यंतच. मग खाली ठेवला. "आनि ह्यात माजा एक पन शब्द नाय. तिकडं त्यानं माजी धुई नेली, हिकडं तू नेतेस. दे इकडं."

मला ते लागलं. काशिरामांचं वागणं लागलं त्याहून जास्त लागलं, कारण ते खरं होतं. मी पेन दिलं.

मैना चौथीपर्यंत शिकली आहे. ती खुर्चीत बसली, कागद सरळ केला, पुन्हा सरळ केला. एकेक अक्षर तिनं दोरीला गाठ मारावी तसं आवळून लिहिलं. मधे दोनदा थांबून तिनं बोटं झटकली. सल्लागारांनी घड्याळ पाहिलं. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं नाही. अकरा मिनिटं लागली. मग तिनं कागद काशिरामांपुढे ठेवला.

'मी मैना गव्हान. माज्या खल्यावर धुई पडते ती धुई नाय. धुल हाय. डोंगराची धुल. क्रसर पाचला चालू व्हतो तवापासून. मासली खराब व्हते. माजी हरकत हाय.'

खाली सही.

काशिरामांनी वाचलं आणि पेन्सिल घेतली. "ताई, धूळ असं लिहितात. धू दीर्घ आणि शेवटी ळ. दुरुस्त करून देतो."

"नको," मैना म्हणाली. "माज्या खल्यावर पडते ती धुल. तुजी धूल तुज्या टेबलावर ठेव."

मागे कुणीतरी हसलं. वल्लरी मॅडमनी कागद काशिरामांच्या हातातून काढून घेतला, त्यावर तारीख घातली, वेळ घातली आणि स्वतःची सही केली. बाधित व्यक्तीची लेखी हरकत प्राप्त, म्हणाल्या. प्रस्ताव या स्तरावर मंजूर होणार नाही. वर्षभर मोजणी होईल, धुक्याचे दिवस धरून. सल्लागार फोन कानाला लावून बाहेर गेले.

एक वर्ष. जास्त काही नाही. उद्या पहाटे पाचला पहिलं यंत्र सुरू होणारच होतं, धुई पडणारच होती. या शुक्रवारची मांदेलीही करडीच निघणार होती. पण खळं वर्षभर जागेवर राहणार होतं, आणि तेही मैनाच्या अक्षराच्या जोरावर.

"हरकत इतिवृत्तात जशीच्या तशी घ्या," वल्लरी मॅडमनी सांगितलं आणि त्या उठल्या.

मैना खाली जाऊन रिक्षा बघायला लागली. मी गेले नाही. काशिरामांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. त्यांनी टंकायला सुरुवात केली. पडद्यावर अक्षरं उमटली: माझ्या खळ्यावर धुके पडते ते धुके नाही, धूळ

"धुई," मी म्हटलं.

त्यांनी खोडलं.

"ल. ळ नाही."

त्यांनी पुन्हा खोडलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, आज तुमचा शनिवार ना? तुम्ही घरी जा की. मी लिहितो बरोबर."

मी शेजारची खुर्ची ओढून घेतली आणि बसले.

"मी आज लिहीत नाही," मी म्हटलं. "वाचते."